खोकल्याचं औषध मुलाच्या पोटात जास्त गेलं तर: पहिल्या मिनिटापासून दुसऱ्या दिवसापर्यंत

मूल आत्ता तुमच्यासमोर असेल आणि औषधाची बाटली अर्धी रिकामी दिसत असेल, तर पुढे वाचत बसू नका. मुलाला नावानं हाक मारा. हलवूनही ते जागं होत नसेल, श्वास फार संथ किंवा अडखळत चालला असेल, ओठ निळसर पडले असतील किंवा आकडी आली असेल, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. मूल हसतं-खेळतं असलं तरी बाटली हातात घ्या आणि विषबाधा माहिती केंद्राला फोन करा. तसं केंद्र तुमच्या भागात नसेल, तर जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाला करा. फोन लागत नसेल तर थेट निघा. उलटी करवू नका. आणि ‘झोपू दे जरा, उतरेल’ म्हणून वाट पाहू नका.

या शेवटच्या वाक्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

झोप की गुंगी?

खोकणारं मूल दोन-तीन रात्री धड झोपलेलं नसतं आणि घरातलंही कुणी झोपलेलं नसतं. औषध दिल्यावर ते शांत झोपलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. नेमकी हीच गोष्ट घात करते. खोकल्याच्या बहुतेक औषधांचा डोस जास्त झाला की पहिली खूण गुंगीची असते, आणि ती आपल्याला खूण वाटतच नाही. औषध लागू पडलं असंच वाटतं. मूल अंथरुणात बुडत जातं आणि आपण आवाज न करता दिवा मालवतो.

फरक ओळखता येतो. साध्या झोपेतल्या मुलाला गालावर हात लावून हाक मारली की ते कूस बदलतं, कुरकुरतं, हात झटकतं. थोडा वेळ जागं ठेवलं तर डोळे उघडून ओळखीच्या चेहऱ्याकडे नीट बघतं. गुंगीतलं मूल डोळे उघडलेच तरी नजर ठरवू शकत नाही. हात उचलून सोडला तर लुळा पडतो. उभं केलं तर पाय धरत नाहीत. जागं केल्यावर दोन क्षणांत पुन्हा बुडतं. शंका आली तर पोटावर हलकेच हात ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, कारण लहान मुलांचा श्वास एका लयीत चालत नाही. एक ते पाच वर्षांचं मूल मिनिटाला साधारण 20 ते 35 श्वास घेतं, गाढ झोपेत त्याहून थोडे कमी. आकडा वीसच्या बराच खाली आला, मध्येच श्वास थांबू लागला किंवा घोरल्यासारखा, गुरगुरणारा आवाज येऊ लागला, तर ती झोप नाही असं समजून रुग्णवाहिका बोलवा.

पहिली पाच मिनिटं

बाटली मुलाच्या हातातून काढून घ्या, पण फेकू नका आणि उरलेलं औषध ओतूनही टाकू नका. बाटली, खोका, झाकण, मापाचं टोपण, सगळं एका पिशवीत ठेवा.

तोंडात औषध उरलं असेल तर ओल्या कापडानं पुसून काढा. मूल पूर्ण जागं असेल आणि पाणी मागत असेल तर घोटभर द्यायला हरकत नाही. त्यापलीकडे तोंडानं काहीही देऊ नका. मिठाचं पाणी पाजणं आणि घशात बोट घालणं हे दोन उपाय पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले आहेत आणि दोन्ही घातक आहेत. मिठाच्या पाण्यानं लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. उलटी करवताना मूल गुंगीत गेलं तर ती उलटी फुफ्फुसात उतरते. पूर्वी उलटी करवण्यासाठी इपिकॅक नावाचं सिरप मुद्दाम घरात ठेवायला सांगत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं 2003 मध्ये तो सल्ला मागे घेतला, कारण त्यानं मुलं वाचतात असं दिसत नव्हतं. दूध, तूप, लिंबू यांनी औषध ‘मारलं’ जात नाही. कोळशाची पूडही घरी देऊ नका. रुग्णालयात वापरतात तो सक्रिय कोळसा वेगळा असतो, आणि तोसुद्धा मूल शुद्धीत असताना, बहुधा पहिल्या तासाभरातच दिला जातो.

मूल गुंगीत असेल पण श्वास चालू असेल, तर त्याला कुशीवर वळवा. वरचा पाय गुडघ्यात वाकवा, डोकं किंचित मागे, तोंड खालच्या बाजूला. उलटी झाली तरी ती बाहेर पडेल. आकडी आली असेल तर तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूच्या वस्तू बाजूला सारा आणि आकडी किती वेळ चालली ते घड्याळात पाहा.

श्वासच थांबला असेल तर छातीदाब सुरू करा. मूल कठीण पृष्ठभागावर उताणं ठेवा आणि छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर दाब द्या. एका वर्षाच्या आतल्या बाळाला दोन्ही अंगठ्यांनी किंवा एका हाताच्या तळव्याच्या मनगटाजवळच्या भागानं, मोठ्या मुलाला एका किंवा दोन्ही तळव्यांनी. छाती तिच्या जाडीच्या एक तृतीयांश खाली जायला हवी, वेग मिनिटाला 100 ते 120. 30 दाबांनंतर तोंडावाटे 2 श्वास. औषधाच्या विषबाधेत आधी श्वास बंद पडतो आणि मग हृदय, म्हणून ते दोन श्वास टाळू नका. फोन स्पीकरवर ठेवा, पलीकडचा माणूस तुम्हाला मोजून देईल.

किती गेलं, हे कसं ठरवायचं

तुम्ही खोलीत नव्हता. बाटलीत आधी किती होतं ते आठवत नाही. फरशीवर थोडं सांडलंय, कपड्यांवर डाग आहे. अशा वेळी मन आपोआप आपल्याला बरा वाटेल असा आकडा काढतं: ‘निम्मं तरी सांडलंच असेल.’ हा मोह आवरा. बाटली शेवटची कधी आणि कुठपर्यंत भरलेली पाहिली होती ते आठवा. त्यातून आता उरलेलं वजा करा आणि सांडलेलं हिशेबात धरूच नका. दोन मुलं होती आणि कुणी प्यायलं ते कळत नाही, तर प्रत्येकानं सगळंच प्यायलं असं धरून दोघांनाही तपासून घ्या. थोरल्यानं धाकट्याला ‘डॉक्टर-डॉक्टर’ खेळताना पाजलेलं असतं, असंही होतं.

मुलांना विचारा, पण आवाज चढवू नका. घाबरलेलं मूल ‘नाही’ म्हणतं. ‘तू चमच्यानं प्यायलास की बाटलीला तोंड लावून?’ असं विचारलं तर बहुधा खरं उत्तर येतं.

मग वजन. लहान मुलाच्या बाबतीत पोटात गेलेल्या मिलीग्रॅमना किलोनं भागल्याशिवाय आकड्याला काही अर्थ नाही. समजा औषधात 5 मिलीला 10 मिलीग्रॅम डेक्स्ट्रोमेथॉर्फन हा खोकला दाबणारा घटक आहे आणि बाटलीतलं 30 मिली कमी झालंय. म्हणजे 60 मिलीग्रॅम. साठ किलोच्या मोठ्या माणसाला ते किलोमागे 1 मिलीग्रॅम पडलं. दहा किलोच्या मुलाला 6 पडलं. वर त्याच बाटलीत आणखी दोन-तीन घटक असतात आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा होतो. घाबरलेल्या अवस्थेत हे गणित तुम्ही करायचं नाही, ते फोनवरच्या तज्ज्ञाचं काम आहे. त्यांना अचूक आकडे पुरवणं मात्र फक्त तुम्हीच करू शकता.

फोनवर सांगायचं ते एवढं आणि याच क्रमानं: ‘मूल अडीच वर्षांचं, वजन बारा किलो. वीस मिनिटांपूर्वी खोकल्याचं औषध प्यायलं. जास्तीत जास्त चाळीस मिली. बाटलीवर लिहिलेले घटक वाचून दाखवतो. आत्ता जागं आहे, चालतंय, पण जरा झोकांड्या खातंय. दुसरं कुठलं औषध चालू नाही.’ दुसरं औषध चालू असेल तर ते विसरू नका. सकाळी तापाचं दिलं असेल, दम्याचा पंप असेल, आकडीची गोळी असेल, सगळं सांगा.

बाटलीत असतं काय

‘खोकल्याचं औषध’ असं एक औषध नसतंच. सारख्याच रंगाच्या, सारख्याच गोड चवीच्या दोन बाटल्यांमध्ये पूर्णपणे वेगळी रसायनं असू शकतात. पुढच्या बाजूची मोठी अक्षरं सोडा. मागे ‘प्रत्येक 5 मिलीमध्ये’ असं लिहिलेल्या ओळीनंतरचं बारीक अक्षर वाचा.

*डेक्स्ट्रोमेथॉर्फन* कोरडा खोकला दाबण्यासाठी असतं आणि थेट मेंदूवर काम करतं. जास्त गेलं की मूल नशेत असल्यासारखं लडखडतं, बुबुळं आपोआप इकडून तिकडे थरथरतात. काही मुलं पेंगतात, काही उलट पिसाळल्यासारखी अस्वस्थ होतात. फारच जास्त गेलं तर श्वास मंदावतो, आकडी येते.

*क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन* ही ऍलर्जीवरची, नाक सुकवणारी औषधं. थोडी जास्त झाली तर झापड येते. बरीच जास्त झाली तर चित्र पालटतं: चेहरा लाल, अंग तापलेलं पण घामाचा थेंब नाही, तोंड कोरडं, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या, नाडी धावणारी, लघवी अडलेली. मूल हवेत नसलेल्या वस्तू पकडायला जातं. हा ताप वाटून कुणी तापाचं औषध देतं आणि त्यात वेळ जातो. प्रोमेथाझिननं दोन वर्षांखालच्या मुलांचा श्वास बंद पडल्याच्या घटनांवरून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2004 मध्ये त्यावर सर्वात कडक इशारा छापायला लावला.

*कोडीन* हे अफूच्या कुळातलं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास संथ होत जातो. यकृतात कोडीनचं मॉर्फिन होतं आणि काही मुलांच्या शरीरात हा बदल जन्मजातच फार वेगानं होतो, त्यामुळे त्यांना नेमून दिलेला डोससुद्धा जास्त ठरू शकतो. अमेरिकेत 2017 पासून ते 12 वर्षांखालच्या मुलांना निषिद्ध आहे आणि 2018 पासून 18 वर्षांखालच्या कुणालाही खोकल्यासाठी नाही. माझं मत विचाराल तर लहान मूल असलेल्या घरात मोठ्यांसाठीसुद्धा कोडीनची बाटली असू नये.

*फेनिलेफ्रिन आणि स्यूडोएफेड्रिन* नाक मोकळं करण्यासाठी असतात. त्यांनी रक्तदाब चढतो, मूल बेचैन होतं, उलट्या होतात. *साल्ब्युटामॉल, टर्ब्युटालिन* यांनी हात थरथरतात, हृदय धडधडतं, रक्तातलं पोटॅशियम उतरतं. *ऍम्ब्रॉक्सॉल, ब्रोमहेक्सिन, ग्वायफेनेसिन* तुलनेनं सौम्य, पोट बिघडवण्यापुरती. पण ती बाटलीत क्वचितच एकटी असतात.

आता *पॅरासिटामॉल*, ज्याची मला सर्वात जास्त धास्ती वाटते. सर्दी-खोकल्याच्या अनेक मिश्रणांत ते असतं आणि जास्त झालं तरी पहिले चोवीस तास जवळजवळ काहीच दिसत नाही. थोडी मळमळ, एखादी उलटी. मूल खेळतं, खातं, घर निश्चिंत होतं. आत यकृताची हानी सुरू झालेली असते आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागते. यावर उतारा आहे, एन-ऍसिटिलसिस्टीन, आणि तो पहिल्या आठ तासांत मिळाला तर यकृत जवळपास नक्की वाचतं. म्हणून घटकांत पॅरासिटामॉल दिसलं आणि प्रमाण नक्की माहीत नसेल, तर ‘मूल एकदम छान आहे’ या कारणासाठी घरी थांबू नका. प्यायल्यानंतर चार तासांनी रक्तातली पातळी मोजतात आणि त्यावरून उतारा द्यायचा की नाही ते ठरतं. प्यायल्याची वेळ लिहून ठेवायची ती याचसाठी.

काही सिरपांत अल्कोहोल असतं. लहान मुलाच्या रक्तातली साखर त्यानं झपाट्यानं उतरू शकते. बेन्झोनाटेट नावाची खोकल्याची मऊ, गोळीसारखी दिसणारी कॅप्सूल काही देशांत मिळते. दहा वर्षांखालच्या मुलांनी ती चुकून गिळल्यावर मृत्यू झाल्याचा इशारा 2010 मध्ये देण्यात आला होता, आणि लक्षणं 15 ते 20 मिनिटांत सुरू होतात. त्या औषधाच्या बाबतीत एक कॅप्सूलही थोडी समजू नका.

सिरपाच्या शेजारीच ठेवलेल्या दोन वस्तूही सांगून ठेवतो, कारण मुलाचा हात तिथेही पोचतो. चोंदलेल्या नाकाचे ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिनसारखे थेंब पोटात गेले तर अगदी 1 ते 2 मिलीतही मूल सुस्तावतं आणि हृदयाचे ठोके मंदावतात. छातीला चोळायच्या मलमातला आणि तेलातला कापूर गिळला गेला तर काही मिनिटांतच आकडी येऊ शकते.

रुग्णालयात

सोबत बाटलीची पिशवी, वेळ लिहिलेला कागद आणि मुलाच्या नेहमीच्या औषधांची यादी न्या. दुसरं मोठं माणूस असेल तर एकानं गाडी चालवावी आणि दुसऱ्यानं मागे मुलाजवळ बसावं. एकटे असाल आणि मूल पेंगत असेल तर स्वतः गाडी चालवू नका, रुग्णवाहिकेची वाट पाहा.

तिथे नाडी, श्वास, रक्तदाब, ऑक्सिजन, रक्तातली साखर आणि हृदयाचा आलेख पाहतात. अफूच्या कुळातलं औषध असेल तर नॅलॉक्सोन हा उतारा देतात. आकडीसाठी शिरेतून औषध असतं. पोट धुण्याचा आग्रह धरू नका, आता ते क्वचितच करतात. बहुतेक मुलांना काही तास नुसतं नजरेखाली ठेवतात आणि मूल नीट जागं, चालतं-बोलतं झालं की घरी सोडतात. या ‘नुसतं ठेवण्या’ला कंटाळून सही करून मूल घरी नेऊ नका. हळूहळू विरघळणारी औषधं आणि कोडीन यांचा परिणाम उशिरा वाढतो, आणि नॅलॉक्सोन कोडीनपेक्षा आधी ओसरतं. एकदा जागं झालेलं मूल पुन्हा गुंगीत जाऊ शकतं.

फोनवरच्या तज्ज्ञानं सगळं ऐकून घरीच थांबायला सांगितलं, असंही बऱ्याचदा होतं. मग कुणीतरी एक जण पुढचे काही तास दुसरं काम न करता मुलापाशी राहील असं ठरवा. झोपेची वेळ आली तर ठरलेल्या अंतरानं पूर्ण जागं करून बघा. किती तास आणि किती वेळानं, हे फोन ठेवण्याआधीच विचारून घ्या. या काळात दुसरं कुठलंही औषध देऊ नका, खोकला वाढला तरीही.

बाटली मुलानं उघडली नाही, आपणच चुकलो

वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर मूल स्टुलावर चढून बाटली उघडतंय असं चित्र आलं असेल. तसं होतंच. पण मापात केलेली चूकही तितकीच खरी आहे, आणि ती काळजीवाहू माणसाच्याच हातून होते.

आमच्या घरी एकदा सहा वाजता एकानं डोस दिला आणि सात वाजता मी. दोघांनीही प्रेमानंच, दोघांनाही एकमेकांचं माहीत नव्हतं. मुलाला काही झालं नाही, पण ती रात्र मी पलंगाच्या कडेला बसून काढली. दुसऱ्या दिवशी बाटलीलाच रबरानं एक कागद बांधला: तारीख, वेळ, किती मिली, कुणी दिलं. लिहिल्याशिवाय झाकण लावायचं नाही, हा नियम. आजी-आजोबा असोत की सांभाळणारी ताई, सगळ्यांना एकच कागद.

चमचा ही दुसरी गोष्ट. औषधाच्या भाषेत लहान चमचा म्हणजे 5 मिली आणि मोठा म्हणजे 15. स्वयंपाकघरातल्या चमच्यांना ही भाषा येत नाही. एखादा 3 मिलीचा भरतो, एखादा 8 चा. लहान आणि मोठ्या चमच्याची अदलाबदल झाली की डोस एकदम तिप्पट. सुई नसलेली, मिलीच्या खुणांची सिरिंज वापरा. ती डोळ्यांच्या पातळीवर धरून भरा आणि गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. 0.5 आणि 5 यांच्यातला टिंब अंधारात दिसत नाही, म्हणून रात्रीचा डोस दिवा लावूनच द्या.

थेंब आणि सिरप यांची गल्लत सर्वात महागात पडते. बाळांसाठीच्या थेंबांत औषध दाट असतं, कारण बाळाला थोडंच पाजता येतं. पॅरासिटामॉलचे थेंब 1 मिलीला 100 मिलीग्रॅमचे असतील आणि सिरप 5 मिलीला 125 चं, तर 1 मिली सिरपात फक्त 25 मिलीग्रॅम असतात. सिरपाचा 5 मिली डोस चुकून थेंबांच्या बाटलीतून भरला, तर मुलाला चौपट औषध जातं. लिहून दिलेला कागद आणि हातातली बाटली यांच्यावरचा ‘मिलीग्रॅम प्रति मिली’ जुळतो का, हे प्रत्येक नवीन बाटलीच्या वेळी बघा. जुळत नसेल तर फोन करून विचारा आणि मगच द्या.

आणखी एक: सर्दीचं वेगळं, खोकल्याचं वेगळं, तापाचं वेगळं असं तीन बाटल्यांतून देताना एकच घटक दोनदा जातो. तीनही लेबलं शेजारी ठेवून सारखं नाव दिसतंय का ते बघायला दोन मिनिटं लागतात.

एक वेगळं संकट

खोकल्याचं औषध आणि विषबाधा म्हटलं की अनेकांना दूषित सिरपाच्या बातम्या आठवतात. 2022 मध्ये गांबियात सुमारे 70 मुलं आणि 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या परिसरात 20 हून अधिक मुलं मूत्रपिंडं बंद पडून दगावली. या सिरपांत डायथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक द्रावण सापडलं. अमेरिकेत 1937 मध्ये याच विषानं शंभरावर बळी घेतले होते. इथे डोस बरोबर असूनही मूल आजारी पडतं, म्हणून वर सांगितलेली बाटली मोजण्याची पद्धत उपयोगी पडत नाही. ओळखण्याची खूण लघवीची आहे. सिरप सुरू केल्यावर उलट्या, पोटदुखी, सुस्ती आणि लघवी अगदी कमी किंवा बंद, असं दिसलं तर सिरप थांबवा, बाटली जपून ठेवा आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जाऊन ‘सिरप चालू होतं आणि लघवी झालेली नाही’ हे पहिलं वाक्य सांगा.

ठेवायचं कुठे, आणि मुळात हवं का

मुलानं उघडू नये अशा झाकणावर फार विसंबू नका. अमेरिकेत अशा झाकणाची चाचणी साधारण साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांवर करतात. पहिल्या पाच मिनिटांत 85 टक्के मुलांना ते उघडता आलं नाही, तर तो टप्पा पार झाला असं मानतात. म्हणजे काही मुलं ते उघडतातच. झाकण तुम्हाला फक्त वेळ मिळवून देतं, आणि तोही ‘टक’ आवाज येईपर्यंत घट्ट लावलं असेल तर. खरी जागा म्हणजे कुलूप लागणारं उंच कपाट. आजारपणात बाटली उशाशी, टेबलावर किंवा पिशवीत राहते आणि मुलं ती तिथेच गाठतात. पाहुण्यांच्या पिशव्या आल्याबरोबर उंचावर टांगा. औषधाला ‘सरबत’ किंवा ‘गोड गोड’ म्हणू नका, औषधच म्हणा.

आणि हेही स्पष्ट सांगायला हवं की लहान मुलांच्या साध्या सर्दी-खोकल्यात ही मिश्रणं फारशी उपयोगी पडतात असा पुरावा नाही. 2008 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं दोन वर्षांखाली ती देऊ नयेत असं सांगितलं. ब्रिटननं 2009 मध्ये मर्यादा सहा वर्षांवर नेली. भारतात 2023 मध्ये क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनच्या ठरावीक मिश्रणावर ‘चार वर्षांखाली नको’ असं छापायचा आदेश निघाला. साधा खोकला बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपला आपण जातो. तोवर पुरेसं पाणी आणि दूध, नाकात सलाइनचे थेंब, आणि एक वर्षावरील मुलाला झोपण्यापूर्वी चमचाभर मध. एक वर्षाखाली मध अजिबात नको, त्यातून बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. श्वास जलद चालतोय, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, मूल दूध पीत नाही, किंवा तीन महिन्यांखालचं बाळ खोकतंय, तर सिरप शोधू नका, डॉक्टरांकडे जा.

घरात उरलेल्या जुन्या बाटल्या आज काढा. औषधं परत घेण्याची सोय असेल तर तिथे द्या. नसेल तर बंद पिशवीत मातीत मिसळून कचऱ्यात टाका. मग मुलाचं वजन करा. फोनवर पहिल्यांदा तेच विचारतात आणि आपण गेल्या लसीच्या वेळचं ठोकून देतो. वजन, तारीख, विषबाधा केंद्राचा आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहा आणि औषधाच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवा. तीन महिन्यांनी वजन बदला.